मांजराला हुकूम सोडता येत नाही: 'टाइम कॅट' मुलांबरोबर कशी वाचावी

नाशिकच्या एका आईने विचारलं आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मांजरवेड्या मुलाला अमेरिकेतल्या मावशीने लॉइड अलेक्झांडर यांची 'टाइम कॅट' पाठवली. पहिली तीन प्रकरणं त्याने एका दमात वाचली. चौथं सुरू झालं आणि पुस्तक बंद. कारण विचारलं तर म्हणाला, "परत सगळं नवीनच सुरू झालं." मग आईने स्वतः चाळून पाहिलं, तेव्हा तिला आणखी दोन शंका आल्या. इजिप्तचा इतिहास चुकीचा तर नाही ना? आणि पुढे जर्मनीत चेटकिणी ठरवून माणसं पकडतात ते प्रकरण या वयाला झेपेल का? मुलाला आग्रह करून पुढे वाचायला लावावं, की पुस्तक कपाटात ठेवून द्यावं, असा तिचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं मुलांचा वाचनकट्टा चालवते. इंग्रजी पुस्तकं मराठीत सांगत सांगत वाचायची, अशी आमची पद्धत. हे पुस्तक आमच्याकडे अनेकदा झालंय, आणि तुमच्या मुलाची तक्रार मी दरवेळी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकलीय. तक्रार रास्त आहे. पण ताई, तुम्ही ज्या दोन गोष्टींची काळजी करताय, त्यामुळे तो थांबलेला नाही. त्याच्या हातातून गोष्टीचा धागा सुटला आहे. धागा त्याला दिसला, तर पुस्तक तो स्वतःच उचलेल. इतिहास आणि भीती या दोन्हींकडे नंतर वळते.

ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. कादंबरी १९६३ ची. जेसन नावाचा मुलगा दिवसभराच्या उचापतींमुळे आईची बोलणी खाऊन खोलीत बसलाय. शेजारी त्याचा गॅरेथ, काळा, नारिंगी डोळ्यांचा बोका. इंग्रजी मुलुखात मांजराला नऊ जन्म असतात अशी समजूत आहे. आपल्या मुलांना ती ठाऊक नसते, म्हणून ती पहिल्याच बैठकीत सांगून टाकावी. तर जेसन म्हणतो, मला तुझ्यासारखे नऊ जन्म असते तर काय बहार झाली असती. आणि गॅरेथ चक्क उत्तर देतो. नऊ जन्म वगैरे काही नसतात, पण नऊ वेगवेगळ्या काळांत जाऊन येता येतं, आणि आज तो जेसनला बरोबर न्यायला तयार आहे. मग दोघं निघतात: इ.स.पू. २७०० चं इजिप्त, इ.स.पू. ५५ चं रोम आणि ब्रिटन, ४११ चं आयर्लंड, ९९८ चा जपान, १४६८ चं इटली, १५५५ चं पेरू, १५८८ चं आइल ऑफ मॅन (ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधलं एक बेट), १६०० चं जर्मनी आणि १७७५ ची अमेरिका.

घोटाळा इथेच होतो. प्रत्येक काळाला साधारण दोन प्रकरणं मिळतात. इजिप्तचा राजा मुलाला आवडू लागतो न लागतो तोच तो कायमचा मागे पडतो. पुढच्या पानावर रोमन सैनिक. आजच्या मुलांना सलग मालिकांची सवय आहे. एक खलनायक, एक मोहीम, भाग संपताना टांगती उत्सुकता. 'टाइम कॅट'मध्ये यातलं काहीच नाही. ती नऊ स्वतंत्र गोष्टींची माळ आहे आणि त्यांना बांधणारा दोरा म्हणजे तो बोका. पण नऊ वर्षांच्या मुलाला हे आपोआप कळत नाही. ते कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

दोरा कसा दाखवायचा हे इजिप्तवरूनच सांगते, कारण ते प्रकरण त्याने वाचलेलं आहे. राजा नेतेर-खेत. सगळा देश त्याच्या शब्दावर चालतो. त्याला मांजर हवंय, म्हणजे त्याने म्हटलं की मांजराने खेळावं, त्याने म्हटलं की घुरघुरावं. गॅरेथ हलत नाही. राजाने हुकूम केला तरी नाही. राजा चिडतो, आणि एवढासा जेसन त्याला समजावून सांगतो की मांजराला हुकूम सोडता येत नाही, मग तुम्ही फॅरो का असेनात. त्याच्याशी आधी नीट वागावं लागतं, आणि मग आलं तर ते आपल्या मर्जीने येतं. हे वाचताना मी मुद्दाम थांबते. ज्यांच्या घरी मांजर आहे ती मुलं लगेच सुरू होतात. आमची मनी बोलावलं की येत नाही, अभ्यासाला बसलं की वहीवर येऊन बसते. एक मुलगा म्हणाला होता, "म्हणजे राजाला पहिल्यांदाच कुणी नाही म्हणालं." सगळं पुस्तक त्या वाक्यात आहे. मी त्यात भर घातली नाही, पुढचं पान उलटलं.

कारण पुढच्या आठही ठिकाणी हीच कसोटी वेगवेगळ्या रूपांत येते. कुणाकडे सत्ता आहे, कुणाकडे नाही, आणि ज्याच्यावर जोर चालत नाही अशा एका जिवाशी ती माणसं कशी वागतात? रोमन सैन्यात स्वतःला 'ओल्ड कॅट्स' म्हणवणारी तुकडी भेटते. आयर्लंडमध्ये मांजर हा प्राणीच कुणी पाहिलेला नाही. जपानात दरबारच्या रीतिभातींत कोंडलेला एक पोरगेला सम्राट आहे आणि त्याच्या नावाने राज्य चालवणारी मोठी माणसं आहेत. पेरूमध्ये लढाईत अजिबात जीव न रमणारा स्पॅनिश कप्तान आहे. जर्मनीत मांजर बाळगणं हाच गुन्हा ठरतो. ज्या प्राण्याला पहिल्या प्रवासात देवासारखं जपलं, तोच आठव्या प्रवासात सैतानाचा हस्तक. बोका तोच आहे, त्याने काहीही वेगळं केलेलं नाही. बदलली ती माणसं. मुलाला हे एकदा दिसलं की "परत नवीन सुरू झालं" ही तक्रार राहत नाही. नवीन काळ सुरू झाला की तो स्वतःच विचारतो, इथे मांजराचं काय होणार?

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा: रोमचं प्रकरण त्याच्या हातात देऊ नका, तुम्ही वाचून दाखवा. एका बैठकीला एकच काळ. शुक्रवारी रात्री किंवा रविवारी दुपारी, पाऊण-एक तास. काळ संपला की पुस्तक मिटायचं, तो कितीही म्हणाला तरी लगेच पुढचा उघडायचा नाही. दोन प्रवासांच्या मध्ये काही दिवस गेले की आधीचा राजा, आधीची गल्ली डोक्यात मुरते आणि नव्या जागेची ओढ लागते. सलग वाचलं की सगळे राजे एकमेकांत मिसळतात. नवा काळ उघडण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: "आता हे जिथे जातायत, तिथले लोक मांजराला काय करतील असं तुला वाटतं?" उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका. पुस्तक ते काम करेल.

यात परिस्थितीप्रमाणे फरक पडतो, तोही सांगते. मूल इंग्रजी सराईतपणे वाचणारं असेल तर प्रत्येक काळाचं पहिलं प्रकरण तुम्ही वाचा आणि दुसरं त्याच्यावर सोडा. इंग्रजी अजून अडखळत असेल तर गोष्ट मराठीत सांगा आणि संवाद तेवढे पुस्तकातून वाचा. गॅरेथची वाक्यं छोटी आणि शांत आहेत, ती मूळ इंग्रजीतही मुलांना कळतात. मूल सहा-सात वर्षांचं असेल तर थांबा, काळाची उडी त्या वयाला नीट कळत नाही. आणि घरातलं मांजर नुकतंच गेलं असेल तर काही महिने हे पुस्तक बाजूला ठेवा. गॅरेथवर वारंवार संकटं येतात, आणि त्याच्याकडे जादूचं कवच नाही. तो काळातून नेऊ शकतो, पण गेल्यावर तो साधा बोका असतो, त्याला पकडता येतं, कोंडता येतं. मुलं श्वास रोखून ऐकतात ती यामुळेच. पण मन हळवं झालेल्या मुलाला तेच जड जातं.

आता इतिहासाकडे. तुमची शंका बरोबर आहे, आणि उत्तर ऐकून मुलाला पुस्तक जास्त आवडेल अशी माझी खात्री आहे. नेतेर-खेत हे नाव हवेतून आलेलं नाही. सक्कारा इथला पायऱ्यांचा पिरॅमिड ज्याचा, त्या जोसर राजाचं त्याच्या काळच्या लेखांतलं नाव नेत्जेरिखेत असं आहे, आणि तो इ.स.पू. २७ व्या शतकातला. म्हणजे राजा आणि काळ यांचा मेळ लेखकाने नीट घातलाय. पण मांजरांची पूजा, देवळांत मांजरं, मांजरांच्या ममी, हे सगळं इजिप्तमध्ये भरभराटीला आलं ते फार पुढे, इ.स.पू. पहिल्या सहस्रकात. बास्तेत देवी सुरुवातीला सिंहिणीच्या मुखाची होती, मांजरीचं रूप तिला नंतर मिळालं. घरचं मांजर मेलं की माणसं भुवया काढून शोक करत, हे हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहिलं ते इ.स.पू. पाचव्या शतकात. लेखकाने दोन हजार वर्षांचं इजिप्त एका खोलीत आणून बसवलं, असं म्हणा. कादंबरीला ते चालतं. शाळेच्या उत्तरपत्रिकेत तारीख म्हणून लिहू नये, एवढं मुलाला सांगितलं की पुरे.

बाकीच्या प्रकरणांतही खरं, दंतकथा आणि कल्पना एकमेकांत विणलेलं आहे, आणि वाचून झाल्यावर ते उसवून पाहणं हा आमच्या कट्ट्यावरचा सगळ्यांचा आवडता भाग. जपानचंच घ्या. मुलांना वाटतं, मांजरासाठी एवढा थाटमाट म्हणजे लेखकाची अतिशयोक्ती. तर इचिजो हा सम्राट खरोखर होऊन गेला. ९८६ मध्ये तो गादीवर आला तेव्हा अगदी लहान होता आणि सत्ता फुजिवारा घराण्याच्या हातात होती. ९९९ मध्ये राजवाड्यात मांजर व्यायली, तेव्हा माणसाच्या बाळासारखे विधी केले गेले आणि सांभाळायला दाई नेमली, अशी नोंद त्या काळच्या एका दरबाऱ्याच्या रोजनिशीत आहे. दरबारातल्या सेई शोनागोन या लेखिकेने सम्राटाच्या लाडक्या मांजरीला दरबारी हुद्दा होता असं लिहून ठेवलंय. कादंबरीतल्यापेक्षा खरा इचिजो ९९८ मध्ये वयाने मोठा, ऐन तारुण्यात होता. लेखकाने त्याला पुन्हा पोरवयात नेलं, कारण त्याला जेसनच्या बरोबरीचा एक सम्राट हवा होता, ज्याला खेळायची चोरी आहे. हे कळल्यावर मुलांना लेखक कसं काम करतो याची चाहूल लागते. काय उचललं, काय वाकवलं, कशासाठी वाकवलं. इतिहासाच्या तासाला हे शिकवता येत नाही.

आयर्लंडच्या प्रकरणातला सुकात म्हणजे तिथे ख्रिस्ती धर्म पसरवणारा, पुढे संत पॅट्रिक म्हणून ओळखला गेलेला माणूस. तो सोळाच्या आसपास असताना चाच्यांनी त्याला पळवून नेलं आणि सहा वर्षं तो गुलामीत गुरं-मेंढरं राखत होता, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. इटलीत भेटतो तो लिओनार्दो दा विंची, पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार. १४५२ चा जन्म, म्हणजे १४६८ मध्ये सोळा वर्षांचा. वडील नोटरी. मांजरांची त्याने पुढे काढलेली रेखाटनं आजही जपून ठेवलेली आहेत. हे प्रकरण झालं की ती चित्रं मुलाला जरूर दाखवा. एकाच कागदावर झोपलेली, अंग चाटणारी, भांडणारी मांजरं आहेत, आणि मध्येच त्याच्या हातून एक छोटा ड्रॅगन उतरलाय. मुलं तो ड्रॅगन शोधत बसतात.

आइल ऑफ मॅनच्या बिनशेपटीच्या मांजरांची गोष्ट मात्र दंतकथाच. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराच्या फुटलेल्या जहाजातून ती आली असं लोक सांगत आले. प्रत्यक्षात शेपूट नसणं हा एका जनुकातला बदल आहे, आणि बेट लहान असल्याने तो तिथल्या मांजरांत पसरला. मुलाला हे आधी सांगू नका. आधी दंतकथेचा आनंद घेऊ द्या. १७७५ च्या अमेरिकेचं प्रकरण मला स्वतःला थोडं घाईचं वाटतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात जिथून झाली ती लेक्झिंग्टनची चकमक आपल्या मुलांना माहीत नसते, त्यामुळे तिथे दोन वाक्यांची पार्श्वभूमी आधी द्यावी लागते.

जर्मनी. हे प्रकरण गाळू नका असंच मी म्हणेन, पण तुम्ही आधी एकट्याने वाचा. वर्णनं बालवाचकाचं भान ठेवून केलेली आहेत, रक्तपात किंवा छळ तपशिलाने नाही. भीती आहे ती वेगळी: शेजारी शेजाऱ्याचं नाव घेतो, न्यायाधीशाने निकाल आधीच ठरवलेला असतो, आणि निरपराध माणसाला आपण निरपराध आहोत हे सिद्ध करायला जागाच उरत नाही. यातलं काहीही लेखकाने वाढवून सांगितलेलं नाही. साधारण १५६० ते १६३० या काळात जर्मन भाषक प्रदेशांत असे खटले सर्वांत जास्त झाले, हजारो माणसं मारली गेली, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. मुलांना अन्याय फार लवकर कळतो. ती घाबरतात त्यापेक्षा चिडतात.

हे प्रकरण रात्री वाचू नका, दिवसा वाचा, आणि वाचून झालं की लगेच उठून जाऊ नका, कारण प्रश्न येतोच: "आपल्याकडे असं होतं का?" खरं उत्तर द्या. आपल्याकडेही बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार झाले आहेत. नंदुरबारसारख्या भागात कार्यकर्ते त्याविरुद्ध काम करत आलेत. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१३ मध्ये तो महाराष्ट्रात लागू झाला. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणं हा आता गुन्हा आहे. तेवढं सांगा. दाभोलकरांचं पुढे काय झालं ते नऊ वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सांगावं की नाही, हे तुम्हीच ठरवा, तुमचं मूल तुम्हाला ठाऊक. आणि मांजर आडवं गेलं म्हणून थांबणारं घरात कुणी असेल, तर मूल त्यांना त्या आठवड्यात जाब विचारणार हे गृहीत धरा.

एक गोष्ट मात्र पाळा. प्रत्येक प्रवासाच्या शेवटी 'यातून काय शिकलास' विचारू नका. गॅरेथ स्वतः जेसनला उपदेश करत नाही. तो बरोबर असतो, संकटात चालतो, आणि जेसनला स्वतः चुकू देतो. हे इतकं खरं वाटतं, कारण लेखक मांजरांबरोबर जगलेला माणूस होता. १९५६ मध्ये त्याने आपल्या घरच्या मांजरांवर मोठ्यांसाठी 'माय फाइव्ह टायगर्स' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. गॅरेथ बोलतो तेव्हासुद्धा तो शहाणा म्हातारा होत नाही, बोकाच राहतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पुस्तक सोडू नका, आग्रहही करू नका. या रविवारी रोमचं प्रकरण तुम्ही उघडा आणि तुम्हीच वाचा. तो ऐकायला आला तर ठीक, दुसऱ्या खोलीतून ऐकत राहिला तरी ठीक. जपानपर्यंत बहुतेक मुलं पुस्तक मोठ्यांच्या हातातून काढून घेतात. इजिप्तच्या प्रकरणातल्या लहानसहान गोष्टी मात्र रोमकडे जाण्याआधी त्याच्याशी एकदा आठवून घ्या. का ते शेवटच्या पानांवर कळेल, इथे फोडत नाही.

पुस्तक संपल्यावर तो दुसरा भाग मागेल. दुसरा भाग नाही. पण याच पुस्तकाच्या तयारीतून लेखकाची पुढची सगळी वाट ठरली. गॅरेथ आणि जेसनचा एक प्रवास वेल्समध्ये घडवायचा त्याचा बेत होता. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून तो तिथे राहिलेला होता. अभ्यासाला बसल्यावर वेल्सच्या जुन्या कथांनी त्याला असं झपाटलं की तो ऐवज त्याने दोन प्रकरणांत संपवला नाही, राखून ठेवला, आणि गॅरेथला आयर्लंडला धाडलं. त्या राखून ठेवलेल्या ऐवजातून १९६४ पासून 'क्रॉनिकल्स ऑफ प्रिडेन' ही पाच पुस्तकांची मालिका झाली, आणि तिच्या शेवटच्या भागाला १९६९ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं. पहिला भाग 'द बुक ऑफ थ्री'. तिच्यात लढाया आणि मृत्यू जास्त आहेत, तेव्हा दहा-अकराव्या वर्षी द्या, आणि पहिली दोन प्रकरणं तीही मोठ्याने वाचून.